व्यसन : दोष की व्याधी?

घरातला तरुण मुलगा अमली पदार्थांच्या आहारी गेल्याचे उघड झाले की कुटुंबाची पहिली धडपड असते ती बातमी दाराबाहेर जाऊ नये यासाठी. मग शपथा घातल्या जातात, 'लग्न करून द्या, सुधारेल' असा सल्लाही मिळतो. शपथ मोडली की 'संस्कार कमी पडले' असे म्हणून सारे मोकळे होतात. या निष्कर्षाचा फेरविचार व्हायला हवा.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्-तारा बसवल्या. कळ दाबून मेंदूचा विशिष्ट भाग उद्दीपित करता येतो हे उमगताच उंदीर ती कळ पुनःपुन्हा दाबत राहिले. या यंत्रणेत डोपामाइन हे रसायन कळीचे आहे, हे पुढे स्पष्ट झाले. अन्न, आप्तांचा सहवास, यश यांनी ते पाझरते आणि 'हे पुन्हा कर' असे मेंदूला शिकवते. कोकेन या पाझरलेल्या रसायनाची परतीची वाट अडवते. हेरॉइन त्यावरचा लगाम सैल करते. असा पूर वारंवार आला की डोपामाइन ग्रहण करणारी केंद्रे घटू लागतात. आईच्या हातच्या घासातही मग गोडी उरत नाही. सुख आटते, ओढ मात्र वाढत जाते.

सहस्र वर्षे भोगूनही अतृप्त राहिलेल्या ययातीची कथा महाभारताने सांगितलीच आहे. पण ययाती अखेर स्वतः थांबला. व्यसनाधीनाच्या मेंदूतील विवेकाचे केंद्रच दुबळे झालेले असते.

मग संस्कार निरर्थक काय? मुळीच नाही. संयमाचे हे केंद्र पंचविशीच्या आसपास परिपक्व होते. तोवर घर, मैदान आणि सन्मित्र हेच कुंपण असते. मात्र कुंपण ओलांडले गेल्यावर उपदेश पुरत नाही, उपचार लागतात. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हेच काम करीत आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला, सेवन वा अल्प साठ्याच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देते. विक्रेत्याला अर्थातच दया नको.

मेंदू सावरू शकतो. त्याला महिनोन्‌महिने लागतात. तोवर त्या घराचे दार ठोठावणारा, बोल न लावता सोबत बसणारा कुणीतरी हवा. हे काम कार्यकर्त्याचे नाही, तर कुणाचे?