मागच्या रांगेत बसू द्या

नाताळच्या आधी दोन-तीन आठवडे चर्चच्या गायकवृंदात उभे राहायला जागा नसते. जानेवारी उजाडला की तेच बाक ओस पडतात आणि कीबोर्डभोवती चार-पाच जुने चेहरे उरतात. मग रविवारच्या उपासनेनंतर सूचना होते : गाता येणाऱ्यांनी नावे द्यावीत. पनवेलसारख्या शहरात अशी सूचना कितीही वेळा झाली, तरी नावे फारशी येत नाहीत.

दोष लोकांच्या अनास्थेत नाही, त्या सूचनेत आहे. ‘गाता येणाऱ्यांनी’ हा शब्द कानावर पडला की घरात मोकळेपणाने गुणगुणणारा माणूसही मान खाली घालतो. आपल्याला गाता येते, असे चारचौघांत म्हणायची हिंमत फार थोड्यांत असते.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांतली भजनी मंडळे नवा माणूस कसा घेतात ते पाहावे. तिथे आवाजाची परीक्षा नसते. पोरगा येतो, मागे बसतो, कुणीतरी त्याच्या हातात टाळ देते. बुवा ओळ सांगतात, बाकीचे ती उचलतात आणि त्या उचलण्यात त्याचा कच्चा सूर झाकला जातो. ठेका आधी हातात बसतो, चाल मागाहून गळ्यात उतरते. पुढे कधीतरी तोच पहिल्या रांगेत सरकलेला दिसतो.

चर्चलाही ही रीत परकी नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना वाचनाबरोबर सूर आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा तो ‘मेस्त’. गावातली साधी पोरे त्याच्या हाताखाली घडत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म 1927) यांचे वडील तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलगा पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेला आणि त्याने संगीतकार प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या नायकाचे ते प्रसिद्ध नाव या गुरूचेच. इतके दूरवर पोहोचलेले संगीत एका गावच्या चर्चमध्ये, मुलांना बसवून शिकवण्याच्या सवयीतून आले होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन या धर्मोपदेशकापुढेही साध्या माणसांना गायला कसे शिकवायचे, हाच प्रश्न होता. पाच रेघांची स्वरलिपी त्यांना शिकवायची कधी? नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांसाठी अक्षरांची सोपी पद्धत बसवली होती. कर्वेन यांनी ती सुधारून सर्वत्र नेली. कोणत्याही छापखान्यात छापता येणारी ती अक्षरे वेल्सच्या मिशनऱ्यांबरोबर मिझोरामच्या डोंगरांत पोहोचली आणि तिथले गायकवृंद त्या अक्षरांवरून चार पदरी गायन करू लागले. या पद्धतीचा पहिला स्वर ‘डो’ एका जागी खिळलेला नसतो, आपल्या ‘सा’सारखाच तो गाणाऱ्याच्या सोयीने सरकतो. काळी एक, पांढरी पाच अशा पट्ट्या ज्यांच्या बोलण्यात आहेत, त्या मराठी माणसाला हे समजायला एक संध्याकाळ पुरेल.

भाषेचाही प्रश्न आहे. पनवेलची ख्रिस्ती वस्ती गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आलेली. महाराष्ट्रात स्थिरावलेल्या केरळी सिरो-मलबार भाविकांसाठी 1988 मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तो अशाच स्थलांतरामुळे. या सगळ्यांना फक्त इंग्रजी गीतांत बसवायचे म्हटले तर निम्मे लोक ओठ हलवून वेळ काढतात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी हे फार लवकर ओळखले होते. त्यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट धरली, आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातल्या त्यांच्या रचना मराठी मंडळ्या आजही गातात. रोमन कॅथलिकांना व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेचे दार उघडून दिले. ते दार पुरते उघडायचे काम स्थानिक लोकांचे.

आणि दार कुणाला बंद ठेवायचे, याबद्दल चर्चचे मत बदलते, हेही विसरू नये. पोप दहावे पायस यांनी 1903 मध्ये स्त्रियांना गायकवृंदात स्थान नाही असे लिहिले होते. आज एखाद्या रविवारी स्त्रिया आल्या नाहीत, तर कित्येक चर्चमध्ये गीत सुरूच होणार नाही.

गायकवृंद सांभाळणाऱ्याची अडचण खरी आहे. बेसूर आवाजाने मेहनतीने बसवलेली गीते मोडतात. पण त्याला उत्तर आहे. नाताळ आणि ईस्टरची अवघड, चार पदरी गीते मुरलेल्यांनी गावीत. दर रविवारची सोपी चाल सगळ्यांची असावी. पुस्तकातली पट्टी बहुतेकांना उंच पडते, ती दोन स्वर उतरवावी. कीबोर्डवर ते एका बटणाचे काम आहे. तळोज्याच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्याला किंवा सीएसएमटीहून सव्वा तास लोकलमधून येणाऱ्याला दर शनिवारी सरावाला हजेरीची सक्ती नको. महिन्यातून दोनदा आला तरी त्याची जागा राखावी. नवी भरती डिसेंबरच्या घाईत न करता जूनमध्ये करावी, म्हणजे नाताळपर्यंत सहा महिने मिळतात.

यंदाच्या सूचनेत ‘गाता येणाऱ्यांनी’च्या जागी ‘गायला शिकायचे आहे त्यांनी’ एवढा बदल करून पाहावा. पहिल्या सरावाला बारा नवे लोक आले आणि त्यातले आठ जण बेसूर निघाले, तर प्रत्येकाला एका जुन्या गायकाच्या शेजारी बसवावे. आणि त्या जुन्या गायकाला सांगावे की पहिले तीन महिने थोडे मोठ्याने गा, शेजारच्याच्या कानाला ऐकू जाईल असे.