विंडोज १० गेलं, रॅम महागली: डेस्कटॉपचा प्रोसेसर आत्ता बदलायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून बऱ्याच घरांत एकच सीन चालू आहे. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप, स्क्रीनवर 'हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही' असा मेसेज, आणि दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: "प्रोसेसर जुना झालाय, बदलून टाका." मोबाईलमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे सरळ फोन बदलतो. डेस्कटॉपमध्ये एकच पार्ट बदलता येतो, हीच तर त्याची मजा. पण तो बदलायचा की नाही, हे प्रोसेसरपेक्षा तुमचा मदरबोर्ड ठरवतो. आणि सध्या रॅमच्या भावाने त्यात आणखी घोळ घातलाय.

आधी भावाचंच बघू. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्यांकडून येते: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते. तेवढ्याच जीबीची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं. पण नफा तिकडे, म्हणून कारखानेही तिकडेच वळले. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ चे भाव दुपटीच्याही वर गेले. ३ डिसेंबरला तर मायक्रॉनने 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ सुद्धा यातून सुटली नाही, कारण ती बनवणंच कंपन्या कमी करतायत.

म्हणजे हिशेब सोपा आहे. जुनी रॅम तशीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येत असेल, तर अपग्रेड स्वस्तात पडतं. प्रोसेसरसोबत बोर्ड आणि रॅमही घ्यावी लागणार असेल, तर एआयवाल्यांच्या हौसेचं बिल तुम्ही भरताय.

आता तो 'पात्र नाही'चा मेसेज. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, रायझनची २००० मालिका किंवा पुढची, आणि टीपीएम २.० लागतं. यात एक गंमत आहे. आठव्या-नवव्या पिढीच्या कितीतरी पीसींवर प्रोसेसर चालण्यासारखा असतो, पण बायोसमध्ये टीपीएम बंद ठेवलेलं असतं. इंटेल बोर्डावर ते पीटीटी या नावाने दिसतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू केलं की काम झालं, खर्च शून्य. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप नेमकं कशावर अडलंय ते सांगतं. दुकानात जाण्याआधी ते चालवाच.

विंडोजचा प्रश्न नाही, पण पीसी रडतोय? मग दोष प्रोसेसरचाच आहे का, ते तपासा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २०-३० वर असेल, तर खरा गुन्हेगार जुनी हार्ड डिस्क आहे, तिथे एसएसडी बसवा. फक्त एक लक्षात घ्या: चार कोअरच्या प्रोसेसरवर एकूण २५ टक्के दिसत असलं, तरी त्यातला एक कोअर पूर्ण दमलेला असू शकतो. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवायला सांगा. गेमिंगवाल्यांसाठी त्याहून सोपी चाचणी: गेमचं रिझोल्यूशन कमी करा. एफपीएस वाढले तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होतं. जागचे हललेच नाहीत, तर बहुधा प्रोसेसर अडवतोय.

इथवर येऊन प्रोसेसरच बदलायचा ठरला, तर खरे नशीबवान म्हणजे एएमडीच्या एएम४ सॉकेटवाले. २०१७ मध्ये रायझनची पहिली पिढी याच सॉकेटवर आली, आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० सुद्धा त्यातच बसतो. हे आपोआप मिळालेलं नाही बरं का. २०२० मध्ये एएमडीने ५००० मालिका बी४५० सारख्या जुन्या बोर्डांवर देणार नाही असं सांगितलं होतं. लोकांनी एवढी बोंबाबोंब केली की कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. रायझन ५ १६०० आणि ५६०० दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही ६५ वॅटचे, पण वेगात जमीन-अस्मानाचा फरक. बोर्ड तोच, डीडीआर४ रॅम तीच. माझ्या मते आज डेस्कटॉपमधला सगळ्यात शहाणा खर्च हाच.

पण खाचा आहेत. आपल्याकडे बजेट पीसीत रायझन ३ २२००जी खूप खपला. तो नावाने २००० मालिकेतला असला तरी आतून पहिल्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ च्या यादीत नाही. त्याचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं, तर ५६०० मध्ये ग्राफिक्स अजिबात नाही. वेगळं कार्ड नसताना ५६०० आणून बसवला तर स्क्रीन काळीच राहणार. अशांनी ५६००जी बघावा. दुसरं म्हणजे बायोस अपडेट जुना प्रोसेसर आत असतानाच करून घ्यायचं, नाहीतर बहुतेक बोर्ड नव्याला ओळखणारच नाही. आणि कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येतो. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच फिरवत सोडवा.

इंटेलवाल्यांची गोष्ट वेगळी. सहावी-सातवी आणि आठवी-नववी, दोन्हींचं सॉकेट नावाला ११५१च, पण आठवीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. म्हणून आय५-७४०० च्या जागी आठव्या पिढीचा आय५ चालत नाही. मग लॅमिंग्टन रोडवर कुणीतरी सेकंडहँड आय७-७७०० सुचवतो. तो बसतो, आठ थ्रेडही मिळतात, पण विंडोज ११ ला तोही नापासच. तेवढ्यासाठी पैसे घालवू नका. बाराव्या पिढीच्या आय३-१२१०० वाल्यांना मात्र त्याच बोर्डावर चौदावीपर्यंत जाता येतं. फक्त १३ व्या-१४ व्या पिढीचे वरचे मॉडेल सेकंडहँड घेऊ नका. जास्त व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचे अपडेट दिले, पण आधीच बिघडलेली चिप अपडेटने बरी होत नाही.

राहिले सातव्या पिढीपर्यंतचे लोक. त्यांना बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही लागणार, आणि तेही आत्ताच्या भावात. मी त्यांच्या जागी असतो तर थांबलो असतो. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळवण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट आहे. तोवर भाव उतरलेच नाहीत, तर त्याच मशीनवर लिनक्स मिंट टाकून अभ्यास, ब्राउझिंग, यूट्यूब सगळं चालतं. नोंदणीची लिंक सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर असते. ती दिसत नसेल तर तुमची आवृत्ती २२एच२ आहे का, ते आधी बघा.