आठ दिवसांचा बर्फ

वसतिगृहात एकत्र वाढलेले मित्र साठीला आले की बहुधा यात्रेला निघतात. सम्मेदशिखर, पालिताणा, श्रवणबेळगोळ. या चौघांची ती तिन्ही झाली होती. 2024 च्या फेब्रुवारीत ते जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइडो बेटावरील साप्पोरो या शहरी गेले, आणि बर्फाच्या मूर्ती पाहायला इतक्या लांब कशाला, या घरच्यांच्या प्रश्नाला कोणापाशीच धड उत्तर नव्हते.

चौघांची नावे सांगण्याचे कारण नाही. वसतिगृहातही ते एकमेकांना वडिलांच्या धंद्यावरूनच हाक मारीत. सांगलीचे हळदवाले, इचलकरंजीचे सूतवाले आणि कापडवाले, आणि चौथे पुण्याचे, ज्यांचे वडील किराणा विकत पण जे स्वतः सनदी लेखापाल झाले, त्यांना आता सगळे ‘साहेब’ म्हणतात. सूतवाले आणि कापडवाले यांनी 1990 साली भागीदारीत पेढी काढली होती. पाटीवर दोघांच्या वडिलांची नावे जोडून लिहिली होती. 2009 साली ती भागीदारी मोडली. कापडवाल्यांनी शब्दावर उधार दिलेला मोठा माल बुडाला. तोटा निम्मा-निम्मा वाटला गेला, हिशेब साहेबांनीच केला, आणि हिशेबात कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती सूतवाल्यांच्या एका वाक्याची. ‘तुझ्या भोळेपणाचे पैसे मी किती दिवस भरायचे?’ हे ते मुनीमजींच्या देखत बोलले. पंधरा वर्षे झाली. लग्नकार्यात भेट होई, ‘जय जिनेंद्र’ होई, संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ चे कार्डही जाई. पण पाठवलेले कार्ड आणि तोंडाने मागितलेली क्षमा यांतले अंतर व्यापाऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

साहेबांनी दोघांनाही स्वतंत्रपणे विचारले आणि दुसराही येणार असल्याचे दोघांनाही आधीच सांगितले. दोघेही हो म्हणाले. खोल्या मात्र साहेबांनी विचार करूनच वाटल्या.

मुंबईहून टोकियो, तेथून चितोसे विमानतळ आणि पुढे पाऊण तासाच्या आत रेल्वेने साप्पोरो. गाडीच्या खिडकीतून पांढऱ्याखेरीज दुसरा रंग दिसेना. वीस लाखांच्या जवळपास वस्तीच्या या शहरात एका हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. जगात एवढ्या मोठ्या शहरावर इतका बर्फ क्वचितच पडत असेल. तरी दुकाने उघडी, शाळा चालू, गाड्या वेळेवर. स्थानकापासून ओदोरी उद्यानापर्यंत जमिनीखालून रुंद रस्ता काढला आहे. 2011 साली तो खुला झाला. वर वादळ चालू असताना खाली माणसे कोटाची बटणे उघडी टाकून खरेदी करीत हिंडतात. कापडवाल्यांनी तेथील गालिच्यांच्या आणि लोकरीच्या दुकानांत जो वेळ घालवला, तो पाहता त्यांना वर नेणे कठीण झाले होते.

ओदोरी म्हणजे शहराच्या मधोमध पूर्व-पश्चिम गेलेला दीड किलोमीटरचा हिरवा पट्टा. हिवाळ्यात अर्थातच पांढरा. त्याचा जन्म बागेसाठी झाला नाही. 1871 साली, शहर नुकतेच वसत असताना, आग पसरू नये म्हणून ही मोकळी जागा सोडली गेली. उत्तरेला सरकारी कचेऱ्या, दक्षिणेला दुकाने आणि घरे. (अधिकारी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आगीची भीती, ही रचना आपल्याकडच्या अनेक बाजारपेठांना ओळखीची वाटावी.) पुढे हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ आणून येथेच टाकला जाई. युद्ध हरलेल्या, टंचाईने पिचलेल्या देशात 1950 साली शहरातील शाळांच्या विद्यार्थ्यांनी या टाकाऊ बर्फाच्या ढिगांतून सहा मूर्ती केल्या. पाहायला सुमारे 50,000 लोक आले. कोणाचीच तशी अपेक्षा नव्हती. त्या सहा मूर्तींतून आजचा उत्सव उभा राहिला, ज्याला आता वर्षाला वीस लाखांच्या आसपास लोक येतात. 1955 साली जपानच्या स्वसंरक्षण दलाचे सैनिक या कामात उतरले आणि मूर्तींचा आकार इमारतींएवढा झाला. 1972 साली हिवाळी ऑलिंपिक साप्पोरोला भरले, तेव्हा जगाने हे शहर पाहिले. दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय हिमशिल्प स्पर्धा सुरू झाली. ओदोरीवर प्रवेशाला तिकीट नाही, ही गोष्ट साहेबांनी खर्चाच्या वहीत ‘शून्य’ असा आकडा टाकून मुद्दाम नोंदवली.

मूर्ती घडते कशी, हे पाहण्याची उत्सुकता हळदवाल्यांना सर्वाधिक होती. शहरातला बर्फ धुराने आणि चिखलाने मळलेला असतो, म्हणून मोठ्या मूर्तींसाठी बाहेरून, स्वच्छ जागेवरून ट्रकांमागून ट्रक भरून बर्फ आणतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच काम सुरू होते. लाकडी साच्यात बर्फ भरून तो पायांनी तुडवून घट्ट करतात, साचा काढतात आणि मग फावडी, कुऱ्हाडी, छिन्न्या घेऊन माणसे चढतात. बारीक नक्षीचे भाग वेगळे कोरून चिकटवतात. त्यासाठी डिंक नाही, सिमेंट नाही. बर्फात पाणी कालवले की तोच लगदा गोठून सांधा धरतो. शेवटी वरून ताज्या शुभ्र बर्फाचा थर देतात. त्याला तिकडे ‘शृंगाराचा बर्फ’ अशा अर्थाचे नाव आहे. अशा मूर्ती पंधरा मीटरपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या चार-पाच मजली इमारतीएवढ्या उंच जातात. आणि काम संपले असे होतच नाही. रात्री नवा बर्फ पडला की मूर्तीच्या नाकाडोळ्यांवर तो साचतो, चेहरा बोथट होतो. मग पहाटे माणसे शिड्या लावून तो झाडतात. दुपारी ऊन पडले की कडा गळू लागतात. आठ दिवस मूर्ती उभी राहते ती या देखभालीच्या जोरावर.

मोठ्या मूर्तींपेक्षा चौघे अधिक रेंगाळले ते नागरिकांच्या छोट्या मूर्तींपाशी. साधारण दोन-दोन मीटरच्या या मूर्ती शहरातले सामान्य लोक घडवतात. एखाद्या कचेरीतील सहकारी, एखादे कुटुंब, शाळेचे मित्र. जागा सोडतीने मिळते. त्यांत कारागिरी बेताचीच असते. एका मांजराचा एक कान दुसऱ्याच्या दुप्पट होता. पण त्या कानापुढे उभे राहून फोटो काढून घेणाऱ्या आजोबांकडे पाहून सूतवाले बराच वेळ हसत होते. स्पर्धेच्या भागात थायलंडच्या संघाविषयी कळले, तेव्हा आश्चर्य वाटले. ज्या देशात बर्फ पडत नाही, त्या देशाच्या कलाकारांनी ही स्पर्धा अनेकदा जिंकली आहे. ‘माल बाहेरून आणायचा, कसब घरचे,’ हळदवाले म्हणाले, ‘ही तर इचलकरंजीचीच रीत.’ त्यावर दोन्ही इचलकरंजीकर एकदम काही बोलायला गेले आणि दोघेही थांबले.

हळदवाल्यांपुढे एक वेगळाच प्रश्न होता. हिम, गारा, दव यांची गणना आपल्या शास्त्रांत अप्कायिक जीवांत होते. घरी ते बर्फ घातलेले सरबत घेत नाहीत, आणि येथे तर पायाखाली, डोक्यावर, डोळ्यांपुढे सगळा बर्फच. त्यांनी स्वतःपुरता मार्ग काढला. झाडून मोकळ्या केलेल्या वाटेनेच चालायचे, हातात बर्फाचा गोळा घ्यायचा नाही, आणि मुलांसाठीच्या घसरगुंडीवर बसायचे नाही. हे पुरेसे आहे असा त्यांचा दावा नव्हता. इतरांनी चेष्टाही केली नाही.

जेवणाची कथा मात्र लांबण लावावी अशी. जपानी स्वयंपाकात साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. नुसत्या शेवया मागितल्या तरी सुटका नाही. त्यात होक्काइडो म्हणजे जपानचे बटाट्या-कांद्याचे कोठार. उत्सवातील प्रत्येक तिसऱ्या टपरीवर वाफवलेल्या बटाट्यावर लोण्याचा गोळा वितळत होता आणि चौघे त्याकडे पाहत खाकऱ्याचा तुकडा मोडत होते. सांगलीचे भडंग, थेपले, मेतकूट-भाताची सामग्री, खोलीतील किटलीचे उकळलेले पाणी यांवर दिवस गेले. दिलासा दिला तो लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकीने. ही डाळ होक्काइडोतच पिकते. ती साखरेत शिजवून, घोटून तांदळाच्या पिठाच्या मऊ गोळ्यात भरतात. पुरणाशी तिचे नाते इतके जवळचे की कापडवाल्यांनी पहिल्या घासाला तूप मागितले.

आणि वेळ. फेब्रुवारीच्या आरंभी साप्पोरोला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. सूतवाले आणि कापडवाले दोघेही चौविहार पाळतात. साहेब आणि हळदवाले प्रवासात थोडी सवलत घेतात. म्हणून साडेचारला, जेव्हा बाकीचे दोघे अजून ओदोरीवर असत, तेव्हा हे दोघे एका खोलीत, एकाच किटलीपुढे, समोरासमोर बसून जेवत. पहिल्या दिवशी फक्त मिठाची पुडी मागण्यापुरते बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी कापडवाल्यांच्या पत्नीने बांधून दिलेला गोड शंकरपाळ्यांचा डबा उघडला गेला. सूतवाल्यांनी एक उचलला, खाल्ला, आणि ‘वहिनींची तब्येत कशी आहे?’ असे विचारले. गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आता बरे आहे, एवढे उत्तर आले. ऑपरेशन झाल्याचे सूतवाल्यांना माहीत नव्हते.

अंधार पडला की मूर्तींवर दिवे लागतात आणि रात्री दहापर्यंत ओदोरी उजळलेले असते. पाणीही वर्ज्य असलेले हे दोघे त्या गोठत्या हवेत मित्रांबरोबर पुन्हा बाहेर पडत. रस्ता ओलांडण्याच्या जागांवर तेथे पेट्या ठेवलेल्या आढळतात. आत बारीक खडीच्या पिशव्या. कोणीही पिशवी उचलावी, निसरड्या जागी खडी टाकावी आणि पुढे जावे. ना राखणदार, ना पावती. तिसऱ्या रात्री कापडवाल्यांचा पाय अशाच एका कोपऱ्यावर घसरला. पडले नाहीत, पण घाबरले. त्यानंतर प्रत्येक चौकात सूतवाले चार पावले पुढे जात, पेटी उघडत आणि खडी टाकत. त्याविषयी कोणी काही बोलले नाही. साहेबांनी ते पाहिले आणि दिव्यांकडे पाहत राहिले.

उत्सव 11 तारखेला संपला. दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान होते. सकाळी उद्यानात मूर्ती पाडण्याचे काम पाहता येते, असे हॉटेलातील मुलीने सांगितले. मूर्ती वितळायची वाट पाहत नाहीत. उन्हाने सैल झालेला डोंगर कोणाच्या अंगावर कोसळू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी पोकलेन लावून तो उतरवतात. कुंपणाबाहेर बरीच माणसे जमली होती. मूर्तीच्या छतावर यंत्राचा पंजा पडला, तेव्हा आवाज अपेक्षेपेक्षा खूपच कमी झाला. पीठ ओतल्यासारखा. महिनाभर घडवलेले काही मिनिटांत सपाट होत होते आणि लोक टाळ्या वाजवीत होते. ज्यांनी ते घडवले त्यांच्यातलेही काही त्या गर्दीत असावेत.

‘अक्षय तृतीयेनंतर दुकान बंद करतोय,’ कापडवाले म्हणाले. कोणाकडे पाहून, ते स्पष्ट नव्हते. मुलगा बंगळुरूला आहे, त्याला यात रस नाही. गुडघे पत्नीचे दुखतात पण पायऱ्या आता त्यांनाही चढवत नाहीत. माल बहुतेक काढला आहे. हे घरच्यांखेरीज त्यांनी अद्याप कोणालाच सांगितले नव्हते. साहेबांनाही नाही, आणि साहेब त्यांचे हिशेब आजही पाहतात.

हळदवाले काही समजूत घालू लागले. सूतवाल्यांनी त्यांना हातानेच थांबवले आणि विचारले, ‘मुनीमजी?’

‘त्यांचीच काळजी आहे. बहात्तर वर्षांचे झाले. घरी बसवले तर आजारी पडतील.’

‘माझ्याकडे पाठव. सकाळचे दोन तास बसू देत.’ थोड्या वेळाने, यंत्र मागे सरकून दुसऱ्या बाजूला वळत असताना, सूतवाले पुन्हा बोलले. ‘त्यांच्यासमोर मी तुला जे बोललो, ते त्यांच्याच समोर परत घ्यायचे आहे.’

कापडवाले हातमोजे काढून पुन्हा घालीत राहिले. ‘माल बुडाला तो मी दिला होता,’ ते म्हणाले. ‘तू नको म्हणाला होतास. हे मीही कधी कबूल केले नाही.’

पुढचे बोलणे गाडीत झाले. चितोसेला जाणाऱ्या डब्यात चौघांना समोरासमोर जागा मिळाली. साहेबांनी खर्चाची वही काढून चार रकाने जुळवायला घेतले. सूतवाले खिडकीबाहेर पाहत होते.

‘पाटी सागवानीच आहे ना अजून?’

‘तीच आहे. दोनदा रंग दिला.’

‘मग भंगारात देऊ नकोस. मी टेम्पो पाठवतो.’

‘टेम्पो कशाला?’ कापडवाले म्हणाले. ‘तू ये.’

साहेबांनी बेरीज पुन्हा सुरुवातीपासून केली.