पाठीवरचे घर आणि पोटातले अन्न

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कासवाच्या आहाराविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. हा विषय प्राणिशास्त्राच्या मंडळींचा, असेही कुणी म्हणेल. पण ज्या घरांत कासव पाळले जाते तेथे प्राणिशास्त्र शिकलेला माणूस क्वचितच असतो. तेथे असते ती हौस, नाही तर श्रद्धा. आणि या दोहोंचा विचार करणे हे तर आपलेच काम आहे.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असते. ते दगडाचे, त्याला भूक नसते. घरात आणलेल्या जिवंत कासवाकडेही आपण तसेच पाहतो, असे मला वाटते. कासव आले की लक्ष्मी येते, एवढ्या ऐकीव गोष्टीवर ते विकत घेतले जाते. मग भात, दुधात कुस्करलेली पोळी, पाव, केळे असे जे हाताशी असेल ते त्याच्यापुढे पडते. ‘आमचे कासव काहीही खाते हो!’ असे कौतुकाने सांगणारी माणसे मला भेटली आहेत. खाणे आणि पोसले जाणे यांत केवढे अंतर आहे, हे त्यांना कोण सांगणार?

मुळात कवच म्हणजे अंगावर चढवलेले चिलखत नव्हे. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा रुंदावून, एकमेकांत सांधून ते बनलेले असते. वर आपल्या नखांच्या जातीच्या पदार्थाचे आच्छादन असते. म्हणजे कवच हे जिवंत हाड आहे. हाडाला कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते. जमिनीवरच्या कासवाच्या अन्नात फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट तरी कॅल्शियम असावे, असे जाणकार सांगतात. भात आणि केळे यांत हे प्रमाण नेमके उलटे! अशा अन्नावर वाढणाऱ्या पिलाचे शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते. कवच मऊ पडते, पाय वाकतात. बंद खिडकीतून येणारे ऊनही उपयोगाचे नाही, कारण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. काहीजण पाठीला खोबरेल चोळतात. त्याने पाठ चकाकते, हाड पोसत नाही.

आपल्या देशात हौसेसाठी मोठ्या प्रमाणावर पकडले जाते ते तारा कासव. त्याच्या काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात. वायव्येकडील गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेकडील आंध्र-तामिळनाडूच्या झुडपी रानांत ते राहते. गवत, पाने, फुले, गळालेली फळे हे त्याचे मुख्य अन्न. त्यात चोथा भरपूर, सत्त्व बेताचे. म्हणून वाढही सावकाश. घरात मात्र ‘लवकर मोठे होऊ दे’ म्हणून कुणी अंडे घालतो, कुणी कुत्र्याचे खाणे. मग कवचाचा एकेक खवला टेकडीसारखा वर येतो. तारा कासवाच्या पाठीवर उंचवटे मुळातच असल्याने ही विकृती चटकन ध्यानात येत नाही, आणि एकदा आलेली जात नाही. याला केवळ अन्नच कारण असते असेही नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ साली आफ्रिकेतील एका जातीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगात, प्रथिनांपेक्षा हवेच्या कोरडेपणाचा परिणाम मोठा दिसला.

मग योग्य आहार कोणता? हरळी, जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला. जोडीला समुद्रफेसाचा तुकडा, उथळ पाणी, अंगावर पडणारे खरे ऊन आणि शिरायला सावली. पालक रोज नको. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. परदेशात काही ठिकाणी बंदिवासात जन्मलेली कासवे रीतसर पाळता येतात. तेथील मराठी मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तारा कासव विकणे, विकत घेणे वा घरात ठेवणे गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. ‘पण आम्ही सगळे नीट केले तर?’ असे कुणी विचारील. वरची यादी पुन्हा वाचावी. गवत, पाला, ऊन, दमट हवा, सावली, हिंडायला जागा – या सगळ्यांची बेरीज म्हणजे रानच की! ते दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कसे मावणार? शिवाय आपण एक विकत घेतले, की पकडणारा दुसऱ्याच्या शोधात निघतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्यांच्या घरी असे कासव असेल त्यांनी वनखात्याला कळवावे. दिसेल त्या झुडपात मात्र सोडू नये. त्याने रानातल्या कासवांत रोग पसरू शकतो. आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी ते आणू नये. माया करायचीच तर ज्याच्यावर करायची त्याची भूक आधी समजून घ्यावी. ती आपल्याने भागणार नाही असे कळले, तर त्याला त्याच्या रानात राहू देणे, हीच खरी माया.