घरचा जमाखर्च : भाड्याची आशा आणि घराची किंमत

देवमामलेदारांच्या सटाण्याहून आमच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. चार भावांचें एकत्र कुटुंब; वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा रस्त्यालगत असल्यामुळें त्यास बरी किंमत येत आहे. तो विकून, कमी पडेल तेवढें कर्ज काढून, मुंबईस एक फ्लॅट घ्यावा आणि त्याच्या भाड्यावर वृद्ध आईचा व विधवा काकूंचा खर्च चालवावा, असा धाकट्या बंधूंचा आग्रह आहे. थोरल्यांचें मन घेत नाहीं. म्हणून त्यांनीं आमचें मत विचारलें आहे. प्रश्न एका घरचा असला तरी आज तो पुष्कळ घरांत निघतो. सबब उत्तर ह्या सदरांतच देतों.

प्रथम हिशेब मांडूं. उदाहरणापुरती फ्लॅटची किंमत १ कोट रुपये व भाडें दरमहा २५,००० रुपये धरूं. मुंबईस शेकडा ६ प्रमाणें मुद्रांकशुल्काचे ६ लाख आणि नोंदणीचे ३०,००० प्रथमच द्यावे लागतील. वर्षाचें भाडें ३ लाख दिसतें खरें. परंतु एक बिऱ्हाड जाऊन दुसरें येईपर्यंत वर्षांत एक महिना रिकामा गेला तर २५,००० गेले. सोसायटीची वर्गणी दरमहा ५,००० प्रमाणें ६०,०००. महापालिकेचा कर १०,०००. दलाली, रंगकाम व नळ-विजेची दुरुस्ती मिळून २५,०००. हे १,२०,००० वजा जातां हातीं उरतात १,८०,०००. गुंतलेली रक्कम १ कोट ६ लाख ३० हजार. म्हणजे शेकडा पावणेदोनही पडत नाहींत. आयकर आणखी निराळा.

त्यांत ५० लाख रुपये शेकडा साडेआठ व्याजानें काढलेले असतील, तर पहिल्या वर्षाचें नुसतें व्याजच सव्वाचार लाखांच्या घरांत जातें. म्हणजे काकूंच्या हातीं कांहीं पडणें दूरच राहिलें. उलट सटाण्याच्या कांद्या-डाळिंबाच्या पैशांतून दरमहा वीस हजार रुपये मुंबईच्या घरास धाडावे लागतील, आणि मुद्दलाची फेड वेगळीच! आंकडे जागोजाग बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाहीं. हातीं येतें तें भाडें नव्हे, सर्व खर्च वजा जाऊन उरतें तेंच उत्पन्न, हें नवशिक्यानें प्रथम ध्यानांत ठेवावें.

ह्यावर धाकटे बंधू म्हणतील कीं, जागेची किंमत तर वाढतच असते ना? वाढते, कधीं वर्षानुवर्षें थांबूनही राहते. परंतु वाढलेल्या किंमतीनें वाण्याचें व औषधाचें बिल भागत नाहीं. त्यासाठीं जागा विकावी लागते, आणि ती मनास येईल त्या दिवशीं विकली जातेच असें नाहीं.

शिवाय भाडें हें मालकाच्या गरजेप्रमाणें ठरत नसतें. गिरगांवांतील जुन्या चाळींच्या मालकांचा अनुभव पाहावा. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें, १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच जुन्या जागांस कायम केलें. त्यामुळें हजारों कुटुंबांस आसरा मिळाला, हें विसरतां येणार नाहीं. पण खर्च वाढत गेले, भाडीं तेथेंच राहिलीं, आणि दुरुस्तीवांचून इमारती खचूं लागल्या. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशी गोठवणूक अवाजवी ठरविली, तेव्हां कोठें नवा कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला.

ह्या नव्या कायद्याचें ५५ वें कलम प्रत्येक घरमालकानें जाणून असावें. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदविलेला हवा, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, हा समज महाराष्ट्रांत चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. तसेंच बांधकाम चालू असलेली जागा घेणें झाल्यास महारेराकडील नोंदणी पाहावी. करारनामा नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम बिल्डरास घेतां येत नाहीं. तेवढ्यावर आपणही थांबावें.

आतां पत्रांतील एका गोष्टीविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे. दोन विवाहित बहिणींचा उल्लेख पत्रांत ओघानें आला आहे, परंतु त्यांस विचारल्याचा नाहीं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनें मुलगीही मुलाप्रमाणेंच जन्मतः एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची हक्कदार झाली. त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. बहिणींस वगळून केलेला व्यवहार उद्यां कोर्टांत जाईल, आणि त्याआधीं माहेरचा उंबरठा तुटेल. स्त्रीच्या नांवें जागा घेतल्यास मुद्रांकशुल्कांत शेकडा एकाची सवलत आहे. पण तेवढ्यासाठीं सर्वांच्या पैशाची वस्तु एकीच्या नांवावर करावयाची असेल, तर कोणाचा वांटा किती हें वकिलाच्या सल्ल्यानें आधींच लिहून ठेवावें.

मग करावें काय? जमीन विकण्याचें सर्वानुमतें ठरलेंच, तर प्रथम आईचा व काकूंचा वांटा बाजूस काढावा. साठ वर्षें पुरीं झालेल्यांस पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत ३० लाखांपर्यंत ठेवतां येतात व दर तीन महिन्यांनीं व्याज हातीं येतें. उरलेल्या रकमेंत, कर्ज न काढतां, नाशकास एखादी लहान जागा पाहावी. किंवा सटाण्यासच स्वतःच्या घराच्या रिकाम्या खोल्या दुरुस्त करून एखाद्या शिक्षकास वा नोकरदारास द्याव्या. भाडें थोडें येईल. पण नळ गळला तर सकाळीं जाऊन पाहतां येईल, आणि घरमालक होणें म्हणजे काय, हें थोड्या खर्चांत शिकतां येईल. मुंबईचा विचार त्यानंतर करावा.

येत्या सणास बहिणी माहेरीं येतील तेव्हां वरील हिशेब आपल्या आंकड्यांनीं मांडून सर्वांपुढें ठेवावा. त्या बैठकींत काकूंसही बसवावें. त्यांच्याच पोटापाण्याचा हा प्रश्न आहे, आणि पत्रांत त्यांचें मत कोठेंच आलेलें नाहीं.