तक्रारी बर्फावरच्या

“बेळगावच्या पावसात जन्म गेला, आता बर्फात जाऊन पडायचे काय अडले होते?” औलीहून परत आलो तेव्हा आत्याने माझे असे स्वागत केले. पडलो होतो हे खरे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत स्कीइंगच्या प्राथमिक वर्गाला गेलो, आणि भाड्याने मिळालेले, एक माप मोठे असलेले बूट घालून निदान शंभर वेळा तरी आपटलो असेन. पण या लेखाचा विषय माझे पडणे नव्हे. रात्री शेगडीभोवती बसून ज्या गप्पा ऐकल्या, त्यांविषयी मला लिहायचे आहे.

आमच्याच मुक्कामावर तीन-चार मुरलेले स्कीपटू उतरले होते. कोणी युरोपातील आल्प्स पाहिलेला, कोणी जपान, तर कोणी अमेरिका. दिवसभर बर्फावर आणि रात्री तक्रारींवर घसरणारी ही मंडळी! कोणते ठिकाण चांगले, यावर त्यांचे एकमत होण्याची सोयच नव्हती. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणून मी ते सोडून दिले असते. पण घरी आल्यावर या ठिकाणांची माहिती वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. स्कीपटू ज्या गुणासाठी एखाद्या ठिकाणाची स्तुती करतात, त्याच गुणाच्या पोटी त्यांची तक्रारही जन्मलेली असते.

जपानमधील होक्काइदो बेटावरचे निसेको घ्या. सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प उचलतात आणि बेटावरील डोंगरांना अडून हलका, कोरडा, पिठासारखा बर्फ पाडतात. अशा बर्फासाठी स्कीपटू जीव टाकतात. मग तक्रार कशाची? तर ऊन दिसत नाही, ढग हटत नाहीत, वारा सोसवत नाही! अहो, ते ढग आणि तो वारा नसता, तर तुमचा तो पिठासारखा बर्फ आला कुठून असता?

दुसरी जोडी आल्प्समधील. स्वित्झर्लंडचे त्सेरमाट हे जुने गाव. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना बंदी आहे. पाहुण्यांनी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे गाडी ठेवायची आणि आगगाडीने वर यायचे. गावातील शांतता सर्वांना आवडते; परंतु जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन पाळण्यापर्यंत चालत जायची वेळ आली की हीच मंडळी कुरकुरतात. उलट फ्रान्समधील फ्लेन हे मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पकाराने १९६०च्या दशकात मोकळ्या डोंगरात नव्याने वसवलेले ठिकाण. तेथे इमारतीच्या दारातून निघाले की थेट उतारावर. सोय म्हणावी तर याहून अधिक ती काय असणार? पण तेथे तक्रार अशी की, काँक्रीटच्या त्या करड्या इमारती पाहून सुट्टीवर आल्यासारखे वाटत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी तक्रार रांगांची. डोंगर चढून जाण्याचे कष्ट वाचावेत म्हणून १९३६ साली अमेरिकेतील सन व्हॅली येथे पहिला खुर्च्यांचा पाळणा उभा राहिला. जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून रेल्वे कंपनीच्या एका अभियंत्याला तो सुचला होता. पुढे पाळण्यांचा वेग वाढला, खुर्चीवर एकाऐवजी चार-चार, सहा-सहा माणसे बसू लागली. खालची रांग आटोक्यात आली, पण तीच माणसे वर एकदम उतरल्याने उतारावर दाटी झाली. २००८ साली अमेरिकेतील व्हेलच्या कंपनीने अनेक ठिकाणी चालणारा हंगामी पास ५७९ डॉलरला काढला. नियमित जाणाऱ्यांना तो स्वस्त पडला आणि गर्दी लोटली. ज्याला एकच दिवस जायचे आहे, त्याला मात्र तेथे गर्दीच्या दिवसांत ऐनवेळी काढलेले तिकीट आता ३०० डॉलरच्या पुढे पडते. ‘स्वस्त हवे’ आणि ‘गर्दी नको’ या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने केल्या, तर त्या पुऱ्या व्हायच्या कशा?

आपण बेळगावकरांनी यावर हसण्याचे कारण नाही. आंबोलीचे धुके आपल्याला आवडते आणि तेथील गाड्यांची रांग आवडत नाही. पण त्या रांगेतील एक गाडी आपलीच असते, हे आपण सोयीने विसरतो.

मग चांगले ठिकाण कोणते? माझे मत असे की, जे सर्वांना खूष करू पाहत नाही ते. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात मॅड रिव्हर ग्लेन नावाचे एक छोटे ठिकाण आहे. १९९५ पासून ते स्कीपटूंच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे आहे. (सहकार केवळ साखर कारखान्यांतच चालतो असे नाही!) तेथे १९४८ सालचा एका खुर्चीत एकच माणूस नेणारा पाळणा होता. तो जुना झाला तेव्हा दुप्पट माणसे नेणारा पाळणा बसवणे सहज शक्य होते. सभासदांनी २००७ साली तोच जुना पाळणा दुरुस्त करून घेतला. कारण साधे होते. वर माणसे कमी गेली, तर उतार मोकळा राहतो. रांगेत उभे राहण्याची किंमत त्यांनी समजून-उमजून पत्करली. ‘आम्हाला अमुक हवे, म्हणून तमुक नको’ हे म्हणण्याचे धैर्य मला त्यांत दिसते.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो आता आपल्या काश्मीरच्या दारात उभा आहे. गुलमर्गचा गोंडोला २००५ पासून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर जातो. यंत्राने न सपाटलेला, खोल बर्फाचा तेथील उतार अनुभवण्यासाठी परदेशी स्कीपटू येतात. त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या. मोठी हिमवृष्टी झाली की हिमकडे कोसळण्याच्या भीतीने वरचा टप्पा बंद राहतो, आणि चालू असेल तेव्हा पर्यटकांच्या गर्दीत रांग धरावी लागते. यावर आणखी पाळणे, सपाट केलेले रुंद उतार आणि हॉटेले हा उपाय अनेकांना सुचतो.

मला तो पटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हिवाळ्यात कोरडे पडले होते. २०२५ साली तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली आणि तेथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. ज्या डोंगरावर बर्फाची आणि जमिनीचीही शाश्वती उरली नाही, त्यावर आणखी काँक्रीट ओतून आल्प्सची नक्कल करण्यात कोणते शहाणपण?

स्थानिकांच्या पोटाचे काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्तच आहे. घोडेवाले, स्लेज ओढणारे, वाटाडे, शिक्षक यांची चूल या बर्फावरच पेटते. म्हणूनच मी म्हणतो, पैसा आधी माणसांवर खर्च व्हावा. वाटाड्यांना आणि बचाव पथकांना उत्तम प्रशिक्षण व साधने मिळावीत; फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमकडा कोसळून एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला, हे विसरता येणार नाही. नवशिक्यांच्या खालच्या उतारावर कृत्रिम बर्फाची सोय करावी, म्हणजे कोरड्या वर्षीही शिकवणाऱ्यांचा रोजगार बुडणार नाही. वरचा डोंगर मात्र आहे तसा राहू द्यावा. तेथे रांग लागेल, एखादा दिवस फुकटही जाईल. ज्याला हे सोसत नाही त्याला फ्लेनची वाट मोकळी आहे.

औलीत माझाही एक दिवस असाच फुकट गेला होता. वादळामुळे वर्ग बंद, खिडकीबाहेर पांढऱ्याखेरीज काही दिसेना. मी भरपूर कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळले, समोर नंदादेवी उभी होती, आणि रात्रभर पडलेल्या ताज्या बर्फावर मी त्या मुक्कामात प्रथमच न पडता खालपर्यंत आलो. आत्याला हे सांगितले, तर ती म्हणाली, “मग आदल्या दिवशी कुरकुर कशाला केलीस?” यावर मला काही उत्तर सुचले नाही.