‘हलकी’ रेड वाइन खरंच हलकी असते का?



“डॉक्टर, मी दारू घेत नाही. कधीतरी हलकी रेड वाइन घेतो, तेवढंच.” गेल्या काही वर्षांत हे वाक्य माझ्या कानावर वरचेवर पडतं. बोलणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, रक्तदाबाची नाहीतर मधुमेहाची गोळी चालू असलेले असतात. कुणी युरोपची सहल करून आलेले असतात, तर कुणाला मुलाने परदेशातून बाटली आणून दिलेली असते. सोबत एक पुरवणी प्रश्नही ठरलेला: “ती हृदयाला चांगली असते ना?”

या वाक्यातला ‘हलकी’ हा शब्द मला खटकतो. तो का, हे आज एका खऱ्याखुऱ्या हलक्या वाइनचं उदाहरण घेऊन सांगतो.

सिसिलीची फ्रापातो

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्रापासून जवळच, वित्तोरिया हे गाव आहे. नकाशात पाहिलंत तर आफ्रिकेतलं ट्युनिस शहर जवळपास त्याच अक्षांशावर दिसेल. उन्हाळा कडक. याच बेटावर सिराकुसा भागात ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, आणि तो युरोपचा उच्चांक ठरला.

अशा उन्हात पिकणाऱ्या द्राक्षांची वाइन गडद आणि जड असेल, असं वाटतं. पण वित्तोरियाची फ्रापातो नावाची द्राक्षं वेगळी आहेत. त्यांची वाइन जांभळाच्या रसासारखी गडद दिसत नाही, ती कोकम सरबतासारखी पारदर्शक लाल असते. वास ताज्या लाल फळांचा, चव किंचित आंबट, तुरटपणा कमी. लाल वाळूची जमीन, तिच्याखाली चुनखडी आणि समुद्रावरून येणारा वारा यांमुळे तिचा ताजेपणा टिकतो. ती थोडी थंड करूनही पितात. नेरो द’आवोला या दणकट द्राक्षाबरोबर तिचं मिश्रण करून ‘चेरासुओलो दी वित्तोरिया’ ही वाइन बनते. इटलीत वाइनला जो सर्वोच्च सरकारी दर्जा मिळतो, तो सिसिलीत याच एका वाइनला आहे आणि तो २००५ मध्ये मिळाला.

थोडक्यात, नाजूक वाइन म्हणून फ्रापातोचं नाव अगदी योग्य आहे. प्रश्न एवढाच, की ही नाजूकता नेमकी कशातली?

जिभेला हलकी, यकृताला नाही

वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून येतो. तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. चहा जास्त उकळला की जीभ कोरडी पडते, ती याच जातीच्या द्रव्यांमुळे. फ्रापातोत रंग आणि टॅनिन दोन्ही कमी, म्हणून ती हलकी लागते.

अल्कोहोल मात्र सालीतून येत नाही, ते रसातल्या साखरेपासून बनतं. ऊन जितकं भरपूर, तितकी द्राक्षं गोड आणि तितकं अल्कोहोल जास्त. म्हणूनच उष्ण प्रदेशातली वाइन रंगाने फिकी असली तरी तिच्यात साधारण १२.५ ते १३ टक्के अल्कोहोल असतं. गडद, जड वाइनमध्येही ते त्याच्या आसपासच असतं.

आता हिशेब करू. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास घेतला, तर पोटात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असतं. म्हणजे ‘हलक्या’ वाइनचा एक ग्लास बरोबर दीड पेग. दोन ग्लास म्हणजे तीन पेग. पूर्ण बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम. यकृताला ग्लासाचा रंग दिसत नाही, त्याला फक्त हे ग्रॅम कळतात.

माझी खरी काळजी आणखी पुढची आहे. तुरट, जड वाइन माणूस सावकाश पितो, कारण तोंड कोरडं पडतं. थंड केलेली, फळांच्या चवीची, तुरटपणा नसलेली वाइन सरबतासारखी उतरते. ग्लास कधी संपला आणि कधी पुन्हा भरला, हे कळत नाही.

आणि हृदयाचं काय?

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलं गेलं, की फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खाऊनही हृदयरोगाला कमी बळी पडतात आणि त्याचं श्रेय रेड वाइनला असावं. तेव्हापासून ही समजूत जगभर पसरली. वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याला जणू औषधाचा मान मिळाला.

पण पुढे इटलीतच, कियांती या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात, ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांचा अभ्यास झाला. आहारातून किती रेझव्हेराट्रॉल शरीरात जातं, हे लघवी तपासून मोजलं. नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात जास्त रेझव्हेराट्रॉल घेणाऱ्यांना हृदयरोग किंवा मृत्यूपासून काही जास्त संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग ‘थोडी पिणारे निरोगी’ असं आधीच्या पाहण्यांत का दिसायचं? एक मोठं कारण असं, की न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात. शिवाय जेवणासोबत एखादा ग्लास घेणारे बरेचदा सुस्थितीतले, नीट खाणारे, चालणारे असतात. भूमध्य सागराकाठच्या माणसांकडून काही घ्यायचंच असेल, तर डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, मासे आणि रोजचं चालणं घ्या. यातलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहे.

दुसरी बाजूही पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमधला स्तनाचा कर्करोग येतो. २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेच्या युरोप विभागाने स्पष्ट सांगितलं, की मद्याचं पूर्णपणे सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही.

माझं मत

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइनला दारू म्हणायचं की नाही यावरच वाद रंगला होता. शेतकऱ्याचा फायदा-तोटा हा वेगळा विषय. डॉक्टर म्हणून माझं उत्तर एकच: वित्तोरियाची असो की नाशिकची, शरीराच्या दृष्टीने वाइन ही दारूच आहे.

मी कुणाच्या हातातला ग्लास काढून घेत नाही. फ्रापातो चवीसाठी घेतलीत, तर तो तुमचा निर्णय. पण तिला औषधाच्या कपाटात ठेवू नका. आणि एवढं लक्षात असू द्या:

• पीत नसाल, तर तब्येतीसाठी म्हणून सुरू करू नका.

• बाटलीवरचे टक्के वाचा. ग्लासात किती मिली ओतलं, ते एकदा घरी मोजून पाहा. बहुतेकांचा अंदाज चुकतो.

• मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी मुळीच नको. अल्कोहोलमुळे यकृताचं साखर तयार करण्याचं काम अडतं आणि रात्री झोपेत साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

• फॅटी लिव्हर, अनियमित हृदयठोके, क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या, गर्भारपण यांपैकी काहीही असेल, तर पूर्ण बंद.

• डॉक्टरांनी विचारलं, तर “हलकी घेतो” असं सांगू नका. “आठवड्यात इतके ग्लास” असं सांगा. त्या आकड्यावरून आम्हाला तुमचा वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेले यकृताचे रिपोर्ट समजतात.

हलकेपणा हा चवीचा गुण आहे. तब्येतीचा हिशेब मात्र ग्रॅममध्येच होतो.